निष्काळजीपणाचं उदाहरण

४ जुलै

दादा,

'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. विसरले नाही, मुद्दाम गाळलंय. गाळायचं कसं ते तुमच्याकडूनच शिकले.

आज पाळणाघर सुटायच्या वेळी एका मुलाची आई फाटकात आली. रोज येते, हसते, मुलाच्या पायात बूट घालता घालता घरच्या चार गोष्टी सांगते. आज ना हसली, ना बोलली. पिशवीतून एक छोटं निळं पुस्तक काढलं, मध्ये बोट घालूनच आणलं होतं, आणि माझ्या नाकासमोर धरलं. "ताई, हे तुमच्याबद्दलच ना?"

बघते तर तुमचा शालेय लघुकोश. पहिल्या पानावर मुख्य संपादक म्हणून तुझं नाव. यंदापासून इथल्या शाळेनं चौथीला लावलाय. तिच्या बोटाखाली होतं ते असं :

"निष्काळजीपणा (नाम) : बेपर्वाई, हयगय. उदा. पाळणाघराच्या बाईच्या निष्काळजीपणामुळे पोरीचा हात भाजला."

दादा, हे वाक्य माझं आहे. सहा वर्षांपूर्वी मी तुला पत्रात लिहिलं होतं, आणि तेव्हा ते एवढंसं नव्हतं. मी लिहिलं होतं, "लोक म्हणतात, पाळणाघराच्या बाईच्या निष्काळजीपणामुळे पोरीचा हात भाजला, आणि मी तोंड शिवून बसलेय, कारण गरम पाणी सांडलं ते तिच्या आजोबांच्या हातून." डोकं उडवलंस, पाय तोडलेस, आणि मधलं धड तेवढं छापलंस!

विसरला असशील तर पुन्हा सांगते. ते आजोबा, घड्याळं दुरुस्त करायचे ते, नातीला न्यायला आले होते. खोकल्यासाठी गरम पाण्याचा थर्मास त्यांच्या खांद्याला कायम अडकवलेला. फाटकाजवळच्या बाकावर बसून त्यांनी झाकणात पाणी ओतलं, झाकण बाजूला ठेवलं आणि चष्मा पुसत बसले. तीन वर्षांच्या पोरीनं झाकण ओढलं. मी दुसऱ्या मुलाला कडेवर घेऊन आतून येत होते. तिचा हात नळाखाली धरला मी, दवाखान्यात नेलं मी. म्हातारा भर रस्त्यात माझ्या पाया पडायला लागला. सुनेला कळलं तर ती नात त्यांच्याजवळ ठेवणार नाही, आणि त्या नातीशिवाय त्यांना जगात दुसरं काही नाही. मी शब्द दिला आणि गप्प बसले. निम्मी मुलं गेली तरी गप्प बसले. मग एकेक मूल जोडत पाळणाघर पुन्हा उभं केलं. साऱ्या जगात हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तो तू.

या गावात पाळणाघर एक, त्यातली बाई एक आणि हात भाजलेली पोरही एक. लोक विसरत चालले होते रे. आता ते पाठ करतायत.

खालच्या मजल्यावर वकीलबाई राहतात. त्यांना पुस्तक दाखवलं. म्हणाल्या, ही सरळसरळ लेखी अब्रुनुकसानी आहे. तू शब्दांचा माणूस ना? मग सांग बरं मला, काय अर्थ होतो या शब्दाचा?

तुझ्या कोशातली,
पाळणाघराची बाई


१० जुलै

प्रिय ठिणगी,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. तुला मनस्ताप झाला हे वाचून वाईट वाटले. परंतु शांतपणे विचार केलास तर काही गोष्टी तुझ्याही लक्षात येतील.

एक म्हणजे त्या उदाहरणात कोणाचेही नाव नाही. कोश राज्यभर जातो. पाळणाघरे हजारो आहेत. वाचणारा मुलगा शब्दाचा अर्थ पाहतो आणि पुस्तक मिटतो. दुसरे असे की, लघुकोशात प्रत्येक उदाहरणाला एकच ओळ मिळते. त्यामुळे मूळ वाक्य कार्यालयात संक्षिप्त केले गेले. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. प्रसंग सहा वर्षांपूर्वीचा, तो आता कोणाच्या लक्षात असणार?

तू शब्दाचा अर्थ विचारला आहेस. 'अब्रू' मूळचा फारसी. 'आब' म्हणजे पाणी किंवा तेज, आणि 'रू' म्हणजे चेहरा. 'आब राखून वागावे' असे आपण म्हणतो, तोच हा आब. म्हणजे अब्रू हे चेहऱ्यावरचे पाणी. 'नुकसान' अरबीतून आलेला. दोन परक्या भाषांचे शब्द आपल्याकडे येऊन असे एकजीव झाले की कोर्टातही जोडीने उभे राहतात. लेखी आणि तोंडी बदनामी असा भेद मात्र आपल्या या शब्दात नाही. तो दाखवायचा तर 'लेखी' असे आधी जोडावे लागते. तुझ्या वकीलबाईंनी ते अचूक जोडले आहे.

पुढच्या आवृत्तीच्या वेळी या उदाहरणाचा विचार करता येईल. प्रकृतीला जप. रागाच्या भरात काही करू नकोस.

तुझा,
दादा


१४ जुलै

(या पत्रातलं काहीही कापायचं नाही. एक ओळ नाही, एक काना नाही, एक मात्रा नाही.)

दादा,

धन्य आहे तुझी! मी अर्थ विचारला आणि तू खरंच अर्थ सांगितलास. घर पेटलं म्हणून मी बोंब मारतेय आणि तू मला 'आग' शब्द कुठून आला ते समजावतोयस. लहानपणी आई म्हणायची, याला विहिरीत पडलेल्याला दोर टाकायला सांगा, हा आधी दोराचे प्रकार सांगेल. काही खोटं नव्हतं तिचं.

'वाक्य संक्षिप्त केले गेले.' कोणी केलं? भुतानं? कात्री आपोआप चालली? हयातभर लोकांना सांगतोस ना, कर्ता लपवून लिहू नये, लिहिणाऱ्याचा हेतू चांगला दिसत नाही? मग तुझ्या वाक्यातला कर्ता कुठे गेला? करून सवरून नामानिराळा!

आणि 'नाव नाही' म्हणे. अरे, नाव हवं कशाला? ज्या गावात सगळे मला 'पाळणाघराची बाई' म्हणूनच ओळखतात, तिथे तेच माझं नाव. पोस्टमन हाक मारतो तीसुद्धा तीच.

आता काय झालं ते ऐक. परवा चौथीच्या वर्गात बाईंनी 'नि'चे शब्द वाचायला घेतले आणि वाचायला उठवलं कोणाला, तर त्याच पोरीला. आता नऊ वर्षांची आहे. मनगटापासून कोपरापर्यंत खूण आहे तिच्या हाताला. ती वाचत गेली आणि त्या ओळीला आल्यावर थांबली. सगळा वर्ग तिच्या हाताकडे बघायला लागला. ती म्हणाली, "बाई, हे खोटं आहे." बाई म्हणाल्या, "कोशात छापलंय ते खोटं कसं असेल? बस खाली." बसली बिचारी. त्याच वर्गातल्या एका मुलाचा धाकटा भाऊ माझ्याकडे असतो, त्याच्या आईनं मला हे सांगितलं. सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या धाकट्याला पाठवणं बंद केलं.

आठवड्यात चार मुलं गेली. जाताना कोणी भांडतसुद्धा नाही. "आजी आल्यायत घरी", "आता सासूबाई बघणारेत". या गावात एकाएकी आज्यांचं पीकच आलंय म्हणायचं! भांडली असती एखादी तर निदान बोलता आलं असतं. हा सगळा तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे.

आणि मुख्य गोष्ट तुला सांगितलीच नव्हती. पाळणाघराचा परवाना ऑगस्टअखेर संपतोय. नवा हवा तर निम्म्याहून जास्त पालकांच्या सह्या लागतात. दर खेपेला कागद फाटकात लटकवते आणि संध्याकाळपर्यंत भरून जातो. यंदा लटकवलाय, कोरा आहे. जाता येता सगळ्या त्याच्याकडे बघतात आणि मग मुलाची नाडी बांधायला खाली वाकतात. सह्या नाहीत तर परवाना नाही. परवाना नाही तर कुलूप. वीस वर्षं लोकांची मुलं वाढवली मी, दादा. मला दुसरं काही येत नाही आणि करायचंही नाही.

वकीलबाई आणखी एक सांगत होत्या. इंग्रजी कायद्यात लेखी बदनामीला 'लायबल' म्हणतात, आणि त्याचा मूळ अर्थ म्हणे 'छोटं पुस्तक'. मी म्हटलं, बाई, थट्टा करताय का माझी? तूच सांग खरं आहे का. खरं असेल तर तुझा लघुकोश त्या शब्दाचं चालतं बोलतं उदाहरण आहे. छाप पुढच्या आवृत्तीत.

चेहऱ्यावरचं पाणी म्हणालास ना? थेंबानं गेलेली हौदानं येत नाही, हे तुझ्या कोशात आहे का बघ.

वकीलबाई नोटीस लिहून देते म्हणतायत. मी अजून हो म्हटलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. पण दात फार लागले तर ओठ काय करतील सांगता येत नाही.

पाळणाघराची बाई


२५ जुलै

प्रिय ठिणगी,

कर्ता मी. मी कापलं.

उत्तराला उशीर झाला कारण हे एवढंच वाक्य लिहायला मला वेळ लागला. आता लिहिलंय, तर पुढचंही सांगतो. यात माझा बचाव काही नाही, फक्त कसं झालं ते तुला कळावं.

आमच्या कामात कात्री कायम हातात असते. जे वाचू त्यातलं चांगलं वाक्य कापायचं, चिठ्ठीवर चिकटवायचं, शब्दाप्रमाणे खोक्यात टाकायचं. वर्तमानपत्रं, जाहिराती, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, दुकानाच्या पाट्या, काहीही. कार्यालयात बसून रचलेली उदाहरणं मेलेली असतात. 'मुलगा झाडाखाली बसला.' त्या मुलानं आजवर कोणाचं काय भलं केलंय? तुझी पत्रं आली की मी आधी वाचायचो आणि मग कात्री घ्यायचो. तू बोलतेस तशीच लिहितेस. तुझ्या एका पत्रातून मला सात आठ शब्दांना जिवंत उदाहरणं मिळायची. 'तोंड शिवणे'लाही तुझंच आहे, बघ हवं तर.

ते पत्र आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं, हळहळलो, तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवलं. आणि मग सवयीनं कात्री घेतली. चिठ्ठीवर पूर्ण वाक्य होतं. गेल्या वर्षी लघुकोशाची पानं लावताना ती चिठ्ठी पुढे आली. ओळीत मावत नव्हती, तेव्हा मी मागचं पुढचं उडवलं. त्या वेळी मला पोर दिसली नाही, तू दिसली नाहीस, म्हातारा दिसला नाही. मला ओळ दिसत होती आणि ती लांब होती. यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

वकीलबाई म्हणतात ते खरं आहे. लॅटिनमध्ये झाडाच्या आतल्या सालीला जो शब्द होता, तोच पुढे पुस्तकाला आला. त्याचं लहान रूप म्हणजे छोटं पुस्तक, कागदाचं भेंडोळं, अर्ज, काहीही. पुढे लोकांची बदनामी करणारी निनावी पत्रकं हातोहात फिरायला लागली, तेव्हा छोट्या पुस्तकाच्या नावालाच तो अर्थ चिकटला. मी हे तीस वर्षांपूर्वी पाठ केलं होतं. तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता कामाचं. मी ठरवलंय. कोशाचं शुद्धिपत्र या महिनाअखेर छापून सगळ्या शाळांना जाणार आहे. त्यात तुझं वाक्य मी पूर्ण छापतोय, जसंच्या तसं, आजोबांसकट. कोणी कितीही आडवं आलं तरी छापणार. मजकूर छापखान्यात दिलासुद्धा. एकदा सगळ्यांना खरं काय ते कळलं की सह्या आपोआप होतील. आता तरी शांत झोप.

तुझा,
दादा


२८ जुलै

(यातलं काहीही कापायचं नाही.)

दादा, थांब! खबरदार ते छापलंस तर!

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय. तुझ्या कार्यालयात फोन केला तर कोशखात्यात फोन उचलायची पद्धत नाही म्हणे. काय माणसं आहात! सगळ्या जगाचे शब्द गोळा करता आणि कोणी हाक मारली तर ओ देत नाही.

अरे, मी म्हाताऱ्याला शब्द दिलाय. शब्द! तुझ्या खोक्यातली चिठ्ठी नव्हे. सहा वर्षं मी तो पाळला, मुलं गेली तेव्हा पाळला, आज सह्या होत नाहीत तरी पाळतेय. आणि तू एका ओळीत तो मोडणार? अर्धं वाक्य छापून मला मारलंस, आता पूर्ण छापून त्याला मारणार. तुझ्या कात्रीला माणसं दिसतच नाहीत का? तो आता ऐंशीच्या घरात आहे. त्या पोरीला शाळेतून आणतो, तिची वेणी घालतो, वेणी वाकडी येते आणि ती तशीच मिरवते. हे सगळं मी रोज फाटकातून बघते. ते मोडून मला सह्या नकोत.

तुझं मन मोठं झालं असेल, पण दुसऱ्याच्या जिवावर मोठं करू नकोस. चूक तुझी, आणि फाशी त्या म्हाताऱ्याला?

आणि 'शांत झोप' काय! मला झोपेचं औषध नकोय, मला माझं तोंड परत हवंय. ते त्या म्हाताऱ्याचं तोंड काळं न करता कसं द्यायचं, हे तुझं तू बघ. कोशकार आहेस ना? शब्द शोध.

ठिणगी नव्हे, आता वणवाच समज


६ ऑगस्ट

प्रिय ठिणगी,

ड्रायव्हर छापखान्यातच येऊन थडकला. भला माणूस. तू त्याला काय सांगून पाठवलं होतंस देव जाणे, त्यानं पत्र माझ्या हातात देण्याआधी यंत्रच बंद करायला लावलं. शुद्धिपत्र चढलेलं होतं, पण एकही कागद बाहेर गेला नव्हता. ती ओळ मी तिथेच उभं राहून काढून टाकली. आजोबा, गरम पाणी, काही कुठे राहिलेलं नाही.

मग मी कोशाच्या समितीपुढे दुसरा मजकूर ठेवला. अध्यक्ष म्हणाले, शुद्धिपत्रात छपाईच्या चुका येतात, माणसाच्या नाही. मी म्हटलं, छपाई उत्तम झालीय, चूक माणसाचीच आहे. ते म्हणाले, कोशानं चूक कबूल केली की कोशावरचा विश्वास उडतो. ठिणगी, मी कधी कोणावर ओरडलेलो नाही हे तुला माहीत आहे. त्या दिवशी ओरडलो. म्हटलं, एका वर्गात एक पोर खरं बोलायला उठली आणि तिला आपल्या पुस्तकाच्या जोरावर खाली बसवलं गेलं. नव्हे, मी बसवलं. आग लागो असल्या विश्वासाला! टेबलावर हात आपटला तो अजून दुखतोय. शेवटी तडजोड अशी झाली की मजकूर छापायचा आणि पुढच्या आवृत्तीत पहिल्या पानावरून माझं नाव काढायचं. मी हो म्हटलं. अध्यक्षांना वाटलं होतं, मी नाही म्हणेन.

सोबत शुद्धिपत्राचा कागद आहे. तुमच्या शाळेत या आठवड्यात पोचेल. बाकीच्या ओळी ऱ्हस्वदीर्घाच्या आहेत. ही शेवटची :

"निष्काळजीपणा : आधीचे उदाहरण खोटे आहे. त्याऐवजी असे वाचावे. उदा. संपादकाच्या निष्काळजीपणामुळे एका निरपराध बाईची बदनामी झाली."

एका ओळीत बसलं. कात्री लागली नाही.

नोटीस पाठवायची असेल तर पाठव. मी उत्तर देणार नाही, हजर राहीन.

तुझा,
दादा

(खाली वहिनीच्या अक्षरात) वन्सं, चांगली खरडपट्टी काढलीत. मी इतकी वर्षं सांगतेय, घरची पत्रं कापू नका, पण माझं कोण ऐकतंय? कात्री मी लपवून ठेवलीय. आता नखं कापायलाही मागावी लागते.


२९ ऑगस्ट

प्रिय दादा,

राग गेलेला नाही. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून हुरळून जाऊ नकोस.

तुझं शुद्धिपत्र शाळेत आलं. त्याच बाईंनी ते वर्गात वाटलं आणि पुस्तकात डिंकानं चिकटवायला सांगितलं. बाई मला स्वतः भेटायला आल्या नाहीत, ते सोड. पण ती पोर चिकटवून झाल्यावर उठून उभी राहिली आणि शेवटची ओळ मोठ्यानं वाचली. कोणी सांगितलं नव्हतं वाचायला. वाचून म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं." आणि मग आपणहून बसली.

घरी गेल्यावर म्हणे पुस्तक आजोबांपुढे धरलं. "आजोबा, पुस्तकानं चूक कबूल केली. मग खरं काय झालं होतं?" तिला खरंच काही आठवतंय, की नुसतं माझ्याबद्दल तिच्या मनात बसलंय, कोण जाणे. पण म्हाताऱ्यानं दोन दिवस जेवण टाकलं.

तिसऱ्या दिवशी सुटायच्या वेळी फाटकात सगळ्या आया जमलेल्या, तेव्हा तो आला. सुनेला बरोबर घेऊन आला, कशाला ते तिला सांगितलं नव्हतं. कशाला आलाय ते मी बघूनच ओळखलं आणि हातानं खुणावलं, नको, परत जा. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. थर्मास खांद्यावरून काढला, त्याच बाकावर ठेवला आणि बोलायला लागला. खोकला मध्ये मध्ये येत होता, पण थांबला नाही. "हा थर्मास माझा. पाणी माझं. झाकण मी उघडं ठेवलं आणि चष्मा पुसत बसलो. माझ्या नातीचा हात माझ्यामुळे भाजला. या बाईच्या मी पाया पडलो आणि तिला गप्प बसवलं. सहा वर्षं तिनं माझी अब्रू झाकली आणि मी तिची जाऊ दिली. नाव ठेवायचं तर मला ठेवा."

माझ्या मनात आलं, आता सून काय करते. तिनं बाकावरचा थर्मास उचलला, झाकण घट्ट फिरवलं, सासऱ्याच्या खांद्याला अडकवला आणि म्हणाली, "चला घरी." पुढे घरात काय झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलंही नाही. पण दुसऱ्या दिवशी नातीला आणायला शाळेत तोच गेला. वेणी तशीच वाकडी होती.

जायच्या आधी सुनेनं फाटकातल्या कागदावर सही केली. तिची मुलगी माझ्याकडे नाही, त्यामुळे ती सही नियमात बसत नाही. मी ती खोडलेली नाही. मग बाकीच्या एकेक करून पुढे आल्या. निम्म्याहून दोन जास्त झाल्या. परवाना काल मिळाला. दोघींनी मात्र सही केली नाही. त्यातली एक जाता जाता म्हणाली, "आग असल्याशिवाय धूर निघत नाही." बघ, म्हाताऱ्यानं फाटकात उभं राहून आग कुठे होती ते दाखवलं, तरी हिला धूर माझ्याच अंगाला दिसतो. थेंबानं गेलेली म्हणतात ती ही. हे माझ्या पदरात तू टाकलंयस, आणि ते आयुष्यभर राहणार. म्हणून राग गेलेला नाही.

पण एक सांगते. तू ते पूर्ण वाक्य छापलं असतंस तर म्हाताऱ्याला लोकांनी फाटकात ओढून आणलं असतं. तू स्वतःचं नाव पुढे केलंस, म्हणून तो आपल्या पायानं आला. आणि आला तो सगळं बोलला, दादा. मागचं गाळलं नाही, पुढचं गाळलं नाही, स्वतःला वाचवायला एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तुझ्या एका ओळीत मावलं नसतं.

नोटिशीचा कागद वकीलबाईंकडून परत आणला. चुलीत नाही घातला, कपाटात ठेवलाय. शिस्तीत राहा.

माझी जुनी पत्रं, कापलेली न कापलेली, आणि खोक्यातल्या माझ्या चिठ्ठ्या, सगळं एका पिशवीत भरून घेऊन ये. टपालानं पाठवायचं नाही. तू स्वतः यायचं, सुटायच्या वेळी यायचं, आणि फाटकात उभं राहून आयांना सांगायचं, मी हिचा भाऊ, ते वाक्य मी कापलं. म्हाताऱ्याला जमलं, तुलाही जमेल. मग जेवायला घालीन.

तुझी,
ठिणगी

ता. क. पत्राच्या वर 'यातलं काहीही कापायचं नाही' असं लिहायचं राहिलं. विसरलेच म्हणून समज.